उकळलंय का

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, शेड क्रमांक चारशे अकरा.
आत जाताना मी माझं बरंचसं दाराबाहेर ठेवते :
टिकली, बांगड्या, घड्याळ, बडोद्याची धूळ.
केसांतला तेलाचा वास टोपीखाली कोंबते
आणि हवेच्या झोतात वीस सेकंद हात वर करून उभी राहते,
झडती दिल्यासारखी.
मग पांढरा झगा, पांढरे बूट, उरतात फक्त डोळे.
हंसाबेनला मी चालीवरून ओळखते.
ती हसली की मास्कला सुरकुती पडते.

माझं काम बघण्याचं.
भिंगाच्या दिव्याखाली कॅन्युला धरायची, फिरवायची,
साच्याच्या सांध्यावर प्लास्टिकची पापडी राहिलीय का,
टोकाला कुसळ आहे का.
पाळीला तीन हजार.
घरी वाटाणे सोलतानाही दाणा उजेडाकडे धरते,
नवरा म्हणतो, पास कर आता, भूक लागलीय.

यंदा नवा माल आलाय.
परमारसाहेबांनी चहाच्या सुट्टीत समजावला, अर्धा गुजरातीत :
सुईबरोबर आत शिरेपर्यंत ही नळी ताठ राहते,
रक्ताची ऊब लागली की मऊ पडते,
शिरेच्या वळणाने वळते, कुठे बोचत नाही.
वर एक थर, डोळ्यांना न दिसणारा,
जंतूंना पाय रोवू देत नाही.
मी विचारलं, "आणि थंड झाल्यावर?"
साहेब म्हणाले, "थंड झाल्यावर कोणाला काय?"

अंबूआत्या चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती,
दांडिया बाजारातून पायी जायची.
तेव्हा सिरिंजा काचेच्या, वॉर्डाला बारा,
एकीचा दट्ट्या दुसरीला बसत नसे.
स्टोव्हवरच्या डब्यात त्या उकळताना किणकिणायच्या,
ते तिला झोपेतही ऐकू यायचं.
रविवारी दगडावर सुया घासायची
आणि कापसातून ओढून बघायची.
एक तंतू अडकला, तरी पुन्हा दगडावर.
"कापूस खोटं बोलत नाही," म्हणायची.

एका वर्षी वॉर्डभर कावीळ फिरली.
त्याबद्दल ती बोलत नाही.
एवढंच, की त्या रात्री घासलेट संपलं होतं.

मागच्या गुरुवारी तीच खाटेवर, खिडकीकडेला.
शीर सापडेना.
नव्या सिस्टरने, रिंकल तिचं नाव, पाकीट फाडलं.
आमच्या पाकिटाचा तो आवाज मी कुठेही ओळखेन.
आत्याने डोळे उघडले :
"उकळलंय का?"
पोरगी गोंधळली.
मी म्हटलं, "हो आत्या, उकळलंय."
(उकळत नाहीत, गॅस देतात. ते कुठे सांगत बसू.)

पाकीट उचलून लॉट नंबर वाचला.
सत्तावीस तारीख, रात्रपाळी.
टेबलावर मीच होते.
आठवत बसले, त्या रात्री किती वाजता डोळा लागला,
हंसाबेनने कितीदा कोपराने ढोसलं,
कितव्या ट्रेनंतर मी पाणी प्यायला उठले.

एकाच खेपेत आत गेली.
पहाटे केव्हातरी आत्याचा हात माझ्या हातात होता.
वाटलं, आता ती मऊ पडली असेल,
आता तिला वळणं कळली असतील
जी आम्हाला साठ वर्षांत कळली नाहीत.

चौथ्या दिवशी काढली.
रिंकलने नळी कात्रीने मधोमध कापली,
पुन्हा कोणी वापरू नये म्हणून,
आणि लाल पिशवीत टाकली.
"एकदाच?" आत्या.
"एकदाच."
बराच वेळ पिशवीकडे बघत राहिली.
त्यात दिवसभराच्या नळ्यांचा ढीग होता.
"एवढं सगळं जातं कुठे गं?"
मला नीट माहीत नव्हतं.
मग स्वतःशीच म्हणाली, "असू दे. बरं झालं."

मग कापूस मागितला.
मला वाटलं, रक्ताचा थेंब टिपायला.
तिने माझा अंगठा धरला,
नखावरून कापूस हळूच ओढला.
तंतू अडकला.

"पुन्हा दगडावर," म्हणाली.